टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन, इन्सुलिनचं काय करायचं? मदत हवी आहे

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. रात्री ग्लार्जीन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) आणि जेवणाआधी लिस्प्रो (झटपट काम करणारं इन्सुलिन) घेतो. पुढच्या आठवड्यात परळला टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय. आम्ही बोरिवलीला राहतो.

सर्जनच्या क्लिनिकमधून चिठ्ठी मिळाली: रात्री १२ नंतर पोटात काही नाही, इन्सुलिन बंद. फोन केला तर म्हणाले, सगळ्यांना हेच सांगतो. पण बंद म्हणजे कोणतं? जेवण नाही तर लिस्प्रो नाही, हे समजतं. ग्लार्जीनही थांबवलं तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढतील ना? उपाशी असला तरी त्याला थोडं इन्सुलिन लागतंच. आमच्या शुगरच्या डॉक्टर नेमक्या बाहेरगावी आहेत, सोमवारी भेटतील.

वेळ दुपारी १२ ची दिली आहे. तोवर शुगर उतरली आणि मी साखरेचं पाणी दिलं, तर ऑपरेशन रद्द करतील का? भूल दिल्यावर त्याला घाम आला, थरथर झाली तरी कळणार कसं? दंडावर शुगर मोजणारा सेन्सर आहे, तो ठेवायचा का?

आणि घरी आल्यावरचं तर काही सुचतच नाही. घसा दुखत असताना तो दोन चमचे मऊभात खाऊन तोंड फिरवणार. आधी इन्सुलिन टोचलं आणि जेवलाच नाही तर?

प्रतिसाद

ताई, मी लहान मुलांना भूल देते. "इन्सुलिन बंद" ही ओळ तशीच पाळू नका. टाइप १ मध्ये ग्लार्जीन पूर्ण थांबवत नाहीत. आदल्या रात्री नेहमीचा डोस किंवा साधारण २० ते ३० टक्के कमी देतात. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा.

१२ ची वेळ बदलून सकाळचा पहिला नंबर मागा. मधुमेह असलेल्या मुलासाठी ही मागणी अगदी रास्त आहे. जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. शुगर ७० च्या खाली गेली तर वाट बघू नका, ग्लुकोजचं पाणी द्या, वेळ लिहून ठेवा आणि पोचल्यावर लगेच सांगा. फार तर नंबर थोडा मागे जाईल.

भूल असताना लक्षणं दिसत नाहीत, म्हणून आम्ही दर अर्ध्या ते एक तासाने रक्त तपासतो आणि शुगर साधारण ९० ते १८० मध्ये ठेवतो. सेन्सर राहू दे, पण निर्णय ग्लुकोमीटरवरच. उलट्या टाळायला डेक्सामेथासोन देणार का, हे जरूर विचारा. त्याने पुढचे काही तास शुगर चढते, आणि घरी आई-बाबा घाबरतात.

ऑपरेशननंतर लिस्प्रो जेवण झाल्यावर द्या, जेवढं पोटात गेलं तेवढ्याचंच. शुगर २५० च्या वर राहिली किंवा उलट्या झाल्या तर कीटोन तपासा. एक रात्र ॲडमिट ठेवायचा आग्रह धरा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार, डॉक्टर. जेवणानंतर इन्सुलिन देता येतं हे वाचून खूप हायसं वाटलं. सोमवारी डोस लिहून घेते, पहिल्या नंबरासाठी उद्याच फोन करते. तो मिळाला तर पहाटे बोरिवलीहून निघण्यापेक्षा आदल्या रात्री जवळपास राहावं म्हणते. परळ-दादर भागात मुलासोबत राहायची सोय कुणाला माहीत आहे का?