मदत हवी आहे: साहेबाकडून मानसिक छळ आणि राजीनाम्यासाठी दबाव, दाद कुठे मागायची? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. नवीन साहेब आल्यापासून त्याचे हाल चाललेत. कास्टिंग रिजेक्ट झालं की शॉपवर सगळ्यांदेखत आईबापावरून बोलणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या रिपोर्टचा फोटो टाकून खाली ‘ह्याला परत शाळेत पाठवा’. आता तर टेबलही काढून घेतलंय. पाळीभर गेजच्या कपाटाशेजारी उभा असतो, काम काही देत नाहीत. डबा तसाच परत येतो. एचआर म्हणतं, ‘साहेबांचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नको.’ आणि तेच एचआरवाले राजीनामा दे म्हणून मागे लागलेत.

२०१३ चा पॉश कायदा महिलांच्या लैंगिक छळापुरता, तो इथं लागू नाही. नुसत्या मानसिक छळासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. फ्रान्समध्ये २००२ पासून हा गुन्हा आहे. फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखाला २०१९ मध्ये त्यात शिक्षा झाली. आपल्याकडे माणसाने जीव दिला तर प्रवृत्त करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ लागतं. म्हणजे तोवर वाट बघायची का? हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा आहे. सूडाने कामावरून काढणं, आकसाने बदली करणं त्यात येतं, तक्रार ९० दिवसांत करावी लागते. पण राजीनाम्यावर सही केली की ‘स्वखुशीने सोडलं’ म्हणायला ते मोकळे, म्हणून काही झालं तरी सही करायची नाही असं त्याला बजावलंय.

अडचण अशी, की हा कायदा ‘कामगारां’साठी आहे आणि नेमणूकपत्रात त्याचं पद ‘एक्झिक्युटिव्ह’ आहे. हाताखाली कुणी नाही, दिवसभर मोजमापाचंच काम असायचं. पदाचं नाव नाही, प्रत्यक्ष काम बघतात असं वाचलंय. मग तो ‘कामगार’ धरला जाईल ना? ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आहेत. ते पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते त्यानेच द्यायचं का, आणि फोन तसाच जपून ठेवावा लागेल का?

कामगारांच्या बाजूने केस लढणारे कोल्हापुरातले वकील माहीत असतील तर व्यनि (खाजगी मेसेज) करा. सोमवारी त्याला परत केबिनमध्ये बोलावलंय. त्याआधी तक्रार ईमेलने द्यावी की रजिस्टर पोस्टाने, आणि त्यात काय काय लिहावं, हे कुणी अनुभवी असेल तर कृपया लवकर सांगा.