मदत हवी आहे: मार्चमध्ये क्विटो (इक्वाडोर), सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनहून क्विटोला जायचा विचार चाललाय. आम्ही दोघं, दहा वर्षांचा लेक आणि सध्या पुण्याहून आमच्याकडे आलेल्या सासूबाई. लेकाने गेल्या मे महिन्यात आजीबरोबर पुण्यात गच्चीवर शून्य सावली दिवस पाहिला. पाण्याचा तांब्या उन्हात ठेवून दोघं त्याची सावली नाहीशी होताना बघत बसले होते. आता त्याला तेच विषुववृत्तावर बघायचंय, तेही आजीसोबतच. म्हणून २० मार्च धरून सुट्टी घेतोय. तिथे सूर्य डोक्यावर येईल तो साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. मार्च पावसाचा, पण पाऊस बहुधा दुपारनंतर येतो असं वाचलंय. विषुववृत्ताची खूण म्हणून उभारलेल्या मिताद देल मुंदोच्या स्मारकापाशी त्या वेळी ऊन मिळतं का? (खरी रेषा स्मारकापासून सुमारे २४० मीटरवर आहे, हे लेकाने आधीच शोधून ठेवलंय.)

खरी काळजी उंचीची आहे. क्विटो २८५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही १२०० मीटर वर. आईंना बीपीची गोळी चालू आहे, एरवी तब्येत ठणठणीत, रोज पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या. विमानतळ ताबाबेलाला आहे, तो शहराच्या बराच खाली, २४०० मीटरच्या आसपास. म्हणून पहिल्या दोन रात्री तिकडेच पुएम्बो किंवा तुंबाकोत राहावं आणि मग शहरात जावं असं मनात आहे. ज्येष्ठांना घेऊन कुणी असं केलंय का? खरंच फरक पडतो का? शहरालगतच्या पिचिंचा डोंगरावरचा रोपवे जवळजवळ ४००० मीटरपर्यंत जातो, तिथे आईंना अजिबात नेणार नाही.

डॉक्टरांशी बोलणार आहोतच, पण पीतज्वराच्या लशीबद्दलही अनुभव हवेत. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर जपून असतात. इक्वाडोरहून सहा दिवसांच्या आत भारतात पोचलं तर प्रमाणपत्र लागतं, पण आई त्यानंतर महिनाभर आमच्याकडेच राहणार आहेत. तरी मुंबईला उतरताना कुणाला विचारणा झाली होती का?

जेवणाचं बघू. आई अंडंही खात नाहीत. बटाटा-चीजचं लोक्रो सूप आणि यापिंगाचो टिक्क्या चालतील असं वाटतं, पण सूपमध्ये चिकनचं पाणी आणि तळायला डुकराची चरबी असू शकते ना? जुन्या शहरात खात्रीने शाकाहारी मिळेल अशी जागा माहीत असेल तर जरूर सांगा.

जुन्या शहरातल्या चढउताराच्या गल्ल्यांमधून आईंना घेऊन दिवसा पायी फिरणं सुरक्षित आहे का, हेही अलीकडे जाऊन आलेल्यांकडून ऐकायचंय. ला कोंपान्यीआचं सोन्याच्या वर्खाने मढवलेलं चर्च त्यांना दाखवायची फार इच्छा आहे.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. आईंना नेऊ नये असं वाटत असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.