सांगली–कोल्हापूर रोजचं जाणं-येणं: कार सोडून रेल्वे धरायची आहे

विश्रामबागकर
घर विश्रामबागला, ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, वेळ साडेदहा ते सहा. सध्या रोज कारनं जातो. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात, म्हणजे पेट्रोल सहा लिटरच्या आसपास. पुढच्या महिन्यापासून रेल्वेनं जायचं म्हणतोय. गाडी सांगलीतून धरावी की मिरजेतून? पास कुठला काढावा? माहीतगारांनी नेमकं सांगावं.

मिरज_जंक्शन
सांगली स्टेशनचा विचारच करू नका. पुण्याकडून येणारी गाडी सांगलीहून पूर्वेला मिरजेत येते, आणि कोल्हापूरची लाईन मिरजेतून परत पश्चिमेला जाते. त्यामुळं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडतात. त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. तुमचं घर सांगली आणि मिरजेच्या मध्येच आहे, दुचाकीवर सरळ मिरज स्टेशन गाठा. मिरजेतूनच सुटणारी पॅसेंजर असेल तर बसायला जागाही मिळते. सांगलीतून बसलातच तर एक लक्षात ठेवा: मिरजेपर्यंत इंजिनाला लागून असलेला जनरल डबा तिथून पुढं शेपटाचा होतो.

पास मिरज–कोल्हापूर, दुसऱ्या वर्गाचा, मासिक. तुमच्या एका दिवसाच्या पेट्रोलला जेवढे पैसे जातात, त्यापेक्षा हा महिन्याचा पास स्वस्त आहे. मधल्या कुठल्याही स्टेशनवर चढता-उतरता येतं, म्हणजे एखाद्या दिवशी अंकलीमार्गे जयसिंगपूरला जाऊन तिथून गाडी धरलीत तरी हाच पास चालतो. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट पडतो. पण तो वेळा जमतायत याची खात्री पटल्यावरच काढा.

हा पास पॅसेंजरला आणि साध्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चालतो. स्लीपरमध्ये 'दोन स्टेशनांचाच तर प्रश्न आहे' म्हणून बसू नका. तिथं पास असून नसल्यासारखा, टीसी भाडं अधिक किमान २५० रुपये लावतो. गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ नं सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट, तिला वेगळा अधिभार लागतो. वंदे भारतला पास चालतच नाही.

विश्रामबागकर
पास मोबाइलवर काढला तर चालेल ना? आणि संध्याकाळी सहाला सुटून गाडी मिळेल का?

कृष्णाकाठ
मोबाइलवरचा पास चालतो. मात्र काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, म्हणून पहिल्या दिवशी सकाळी स्टेशनच्या दारात काढायला जाल तर फसाल. आदल्या दिवशी घरूनच काढा. तपासणीला ॲपमधलाच पास दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट धरत नाहीत. मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नसेल तर खिडकीवरून कागदी पास घ्या. त्यासाठी फोटो न्यायचा, ओळखपत्र तिथंच करून देतात. त्याचा नंबर पासवर घातलेला हवा आणि दोन्ही बरोबर ठेवायचं.

संध्याकाळचा प्रश्न खरा महत्त्वाचा. लोक सकाळची गाडी बघून ठरवतात आणि परतीच्या गाडीवर अडतात. कोल्हापूर–मिरज लाईन एकेरी आहे. समोरून एक्स्प्रेस येत असली की पॅसेंजरला रुकडी, हातकणंगले अशा ठिकाणी क्रॉसिंगला थांबवतात. त्यामुळं पॅसेंजरची वेळ कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी. पास काढायच्या आधी एक आठवडा रोज रेल्वे चौकशीच्या १३९ नंबरवर किंवा ॲपवर तुमच्या दोन्ही गाड्या मिरजेत आणि कोल्हापुरात किती वाजता पोचल्या ते लिहून ठेवा. सर्वांत वाईट दिवशीची वेळ धरूनही साडेदहा गाठता येत असतील तरच ती गाडी तुमची.

सहानंतरची तुमची गाडी चुकली तर पुढची किती वाजता आहे तेही बघा. मध्ये मोठं अंतर असेल तर एसटी हाताशी आहे. मध्यवर्ती बसस्थानक कोल्हापूर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. शाहूपुरी तर स्टेशनला लागूनच, म्हणून तुमच्या बाबतीत रेल्वे जमण्यासारखी आहे. हेच ऑफिस गोकुळ शिरगावला असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण पुढं केएमटीच्या शहर बसमध्ये किंवा रिक्षात सगळा वाचलेला वेळ गेला असता.

पावसाळ्याचं वेगळं. रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलाला पाणी टेकायला आलं की गाड्या थांबवतात, २०१९ आणि २०२१ ला हेच झालं. त्या दिवसांत रस्ताही बंद होतो, तेव्हा कार असून उपयोग नाही. ऑफिसशी घरून कामाचं आधीच बोलून ठेवा.

माहुलीकर
सातारा–कराडवाले हे वाचून पास काढायला निघतील म्हणून लिहितो. तिकडं हे गणित बसत नाही. सातारा स्टेशन माहुलीला, कराड स्टेशन ओगलेवाडीला, दोन्ही गावाबाहेर. शिवाय लाईन कोरेगाव, रहिमतपूरवरून वळसा घालून जाते आणि हायवे सरळ आहे. दोन्ही टोकांना रिक्षा धरावी लागली की खर्चही वाचत नाही. किर्लोस्करवाडीत कामाला असणाऱ्या सांगलीकरांना मात्र रेल्वे सोयीची, कारखाना स्टेशनाजवळच आहे.

मिरज_जंक्शन
शेवटचं, दुचाकीचं. स्टेशनच्या स्टँडवर रोजची पावती फाडण्यापेक्षा महिन्याचं ठरवा, आणि स्टँड रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारूनच पैसे द्या. लेट गाडीनं उतरल्यावर साखळी लावलेली असली तर दुचाकी सकाळपर्यंत आत. कार लगेच विकू नका. पहिला महिना आठवड्यातले तीन दिवस रेल्वे आणि मीटिंग उशिरा असेल त्या दिवशी कार, असं करून बघा.