कर्णबधिर मुलांना सायन्स: चित्र दाखवलं की झालं का?

खडूवाली: आठवीला सायन्स शिकवते, साधीच शाळा, वर्गात दोन मुली कर्णबधिर. ट्रेनिंगला गेलं की एकच पालुपद, ऐकू येत नाही ना मग चित्रं दाखवा व्हिडिओ लावा. परवा हृदयाचा व्हिडिओ लावला, स्क्रीन नीट दिसावी म्हणून लाइट घालवले आणि पाच मिनिटांनी डोक्यात उजेड पडला की अंधारात त्यांना माझे ओठच दिसत नाहीयेत! नंतर एकीने वहीत लिहिलं, शिरांमधलं रक्त निळं असतं. तिची काय चूक, चार्टवर निळंच रंगवलंय, खरं ते गडद लाल हे सांगायला भाषाच लागते. चित्रांचे उगाच लाड चाललेत असं माझं मत.

निवांत_नाना: अजिबात पटलं नाही. पुतण्या कर्णबधिर आहे माझा. अलिंद, निलय म्हणजे हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे, दहादा वाचून ढिम्म कळेना, शेवटी मटणवाल्याकडून बकऱ्याचं हृदय आणलं, उभं कापलं, डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा केवढी जाड ते त्याने बोटाने दाबून बघितलं आणि स्वतःच मूठ आवळून दाखवली, की इकडून जोरात ढकलायचं असतं. शब्द नंतर आला. भाषा येईपर्यंत पोराला बसवून ठेवायचं का?

खडूवाली: नाना ते चित्र नव्हे, वस्तू! माझ्याच बाजूने बोलताय.

दोनहात: आईबाबा दोघं कर्णबधिर, मी घरात साइन म्हणजे हातांच्या खुणांची भाषा करतच वाढलो. चित्र वाईट नाही हो, घाई वाईट. मास्तर आकृतीवर बोट ठेवून बोलत सुटतात, पोरगं इंटरप्रिटरचे हात बघून परत वळेपर्यंत बोट महाधमनीवर पोचलेलं. दाखवा, गप्प बसा, मग सांगा. आणि साइनमध्ये शब्द नाहीत हे रडगाणं नको, आयएसएलआरटीसी या भारतीय साइन लँग्वेजच्या सरकारी संस्थेच्या डिक्शनरीत २०२१ लाच १०,००० शब्द झालेत.

खडूवाली: डिक्शनरी आहे, पण माझ्या वर्गात इंटरप्रिटर कुठाय? चाळीस मिनिटांचा तास, गप्प बसले तर पोर्शन कोण संपवणार?

ठिपके६: मुलगी अंध आहे, त्यामुळे तुमचं हे चित्र की भाषा वाचून हसू आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, चार्ट मात्र सगळ्यांना एकच. आम्ही पुठ्ठ्यावर सुतळी फेविकॉलने चिकटवतो, धमनीला जाड, शिरेला बारीक. निळ्या रक्ताचा घोळच नाही.

निवांत_नाना: सुतळी भारी! पण बाई, उद्या लाइट चालू ठेवून व्हिडिओ लावलात तर मागच्या बाकावरचे बोंब मारणार.

खडूवाली: मारू देत, त्यांना ऐकू येतंय.