नोकरी सोडून भाजणीचा धंदा: मनाची तयारी नेमकी कशी करायची?

जिरावण_इंदूर

नमस्कार मंडळी. राहणं सुदामानगरला, नोकरी पिथमपूरला, क्वालिटी विभागात, साडेचार वर्षं झाली. हातात ५२ हजार येतात (बेसिक २६ हजार), घरखर्च ३४ हजार, शिल्लक ६ लाख, कर्ज नाही. आई आणि वहिनीच्या हातची चकलीची आणि थालिपिठाची भाजणी ओळखीचे लोक दर दिवाळीला मागून नेतात. त्याचाच धंदा करायचं मनात आहे.

माल करता येतो. अडतं ते डोक्यात. किंमत सांगताना जीभ अडखळते. दुकानदार 'नको' म्हणाला की त्या गल्लीत पुन्हा जावंसं वाटत नाही. घरात दोन पिढ्या नोकरदार, त्यामुळे पगाराची तारीख नसलेला महिना ही कल्पनाच कुणाला झेपत नाही. धंदेवाल्याची मनोवृत्ती म्हणतात ती तयार कशी करायची? व्हिडिओंच्या लिंका नकोत. रोज काय करायचं ते सांगा.

नारायणबाग_वाचक

मनोवृत्ती शिकवता येते का, याची बऱ्यापैकी कडक तपासणी झालेली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात १५०० छोट्या धंदेवाल्यांचे सोडत काढून तीन गट केले. ५०० जणांना नेहमीचं शिक्षण दिलं, म्हणजे हिशेब, विक्री वगैरे. ५०० जणांना पुढाकार घ्यायला शिकवलं. उरलेल्या ५०० जणांना काहीच नाही. निष्कर्ष २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. पुढाकारवाल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी वाढला. हिशेबवाल्यांचा वाढला ११ टक्क्यांनी, आणि तोही योगायोगाने आला नसेल असं ठामपणे म्हणता येत नव्हतं.

यातला पुढाकार म्हणजे जोश नव्हे. कुणी सांगायची वाट न बघता सुरू करणं, पुढची अडचण आधी ताडणं आणि रस्ता अडला की दुसऱ्या रस्त्याने जाणं, एवढंच त्यात होतं. त्या गटाने नवीन वस्तूही जास्त बाजारात आणल्या. तुमच्या बाबतीत बघा: चकलीची भाजणी इंदुरात कुठेही मिळते. पण ती नेणाऱ्या बऱ्याच लोकांच्या चकल्या बिघडतात. मोहन जास्त झालं तर चकली तेलात सुटते, कमी झालं तर दातांना कडक लागते. पाकिटावर या वजनाला किती चमचे मोहन आणि किती वाट्या पाणी हे मोजून छापलंत, तर तो पुढाकार. 'आमची भाजणी घरगुती आणि शुद्ध' हे सगळेच छापतात.

रोजच्या कामाला पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अभ्यासलेली जर-तर पद्धत घ्या. 'यापुढे धीट व्हायचं' असा संकल्प दोन दिवस टिकतो. त्याऐवजी प्रसंग आणि कृती आधीच जोडून लिहा: 'दुकानदार नको म्हणाला, तर मी कारण विचारीन आणि बाहेर पडल्या पडल्या वहीत त्याच्याच शब्दांत लिहीन.' 'किंमत सांगून झाली, तर समोरचा बोलेपर्यंत मी गप्प राहीन.' असे चार-पाच पुरेत. वीस लिहिलेत तर एकही आठवणार नाही.

सांवेर_रोड

मनोवृत्ती-बिनोवृत्ती राहू द्या. आधी शंभर पाकिटं अनोळखी लोकांना विका, मग बोलू. मनाची तयारी झाल्यावर सुरू करतो म्हणणारे इथे ढिगाने आहेत. आणि 'यशस्वी उद्योजक व्हा' छापाच्या तीन हजार रुपयांच्या शिबिराला जाणार असाल, तर त्या पैशात वजनकाटा घ्या.

सियागंज_गल्ली

भिया, किंमत सांगताना जीभ अडखळते ना, त्याचं कारण बहुतेक वेळा स्वभाव नसतो. आपला माल आपल्याला कितीला पडतो हेच पक्कं माहीत नसतं. मग समोरचा 'महाग आहे' म्हणाला की आपण घसरत जातो. तेव्हा आधी मांडणी करा. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

अर्धा किलोचं पाकीट: धान्य-डाळी ४५, गॅस आणि दळण १५, पिशवी-लेबल ८, नासधूस ४, पोहोचवणं १०. झाले ८२. इथेच लोक थांबतात. घरच्यांची मजुरी धरत नाहीत. ४० पाकिटांना निवडण्यापासून सील करण्यापर्यंत आठ तास लागत असतील आणि तासाला ७५ रुपये धरले, तर ६०० भागिले ४०, पाकिटामागे १५. म्हणजे पडतळ ९७.

आता दुकानदार छापील किमतीवर २० टक्के मागतो असं समजा. छापली १२०, तर हातात ९६. दर पाकिटाला एक रुपया स्वतःच्या खिशातून गेला, आणि जितकं विकाल तितका तोटा वाढला. छापली १४०, तर हातात ११२, उरले १५. जागाभाडं, वीज, फोन मिळून महिन्याचा बांधीव खर्च ६ हजार असेल तर दुकानांतून ४०० पाकिटं गेल्यावर बरोबरी, म्हणजे ना नफा ना तोटा. तेच पाकीट थेट घरी विकलं तर ४३ उरतात आणि १४० पाकिटांत बरोबरी होते. हा कागद खिशात असला की १४० म्हणताना आवाज आपोआप सरळ येतो. घासाघीस झाली तर किंमत सोडू नका, वजन किंवा अट बदला: 'पाच घेतलीत तर घरपोच.'

'नको' म्हणजे एकच गोष्ट नसते. वहीत चार रकाने करा. 'महाग आहे', 'दुसऱ्याचं ठेवतो', 'जागा नाही', 'नंतर या'. 'जागा नाही'वाल्याला मोठ्या पाकिटाऐवजी काउंटरला टांगायची छोट्या पाकिटांची पट्टी द्या. 'नंतर या'वाल्याला तिथल्या तिथे वार विचारा आणि त्याच वारी जा. दुसऱ्यांदा गेल्यावरच तो तुमच्याकडे नीट बघतो. 'दुसऱ्याचं ठेवतो' म्हणणारा सगळ्यात कामाचा, कारण त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे. त्या मालाबद्दल तक्रार काय येते ते विचारा. आणि दहा दुकानांत एकानेही 'महाग' म्हटलं नाही, तर खूश होऊ नका, किंमत बहुतेक कमी लावली आहे.

उधारीत नवा माणूस बुडतो तो भिडेमुळे. 'ठेवून जा, विकल्यावर पैसे देतो' म्हणजे जांगड. पहिल्या वेळी ठेवा, पण १२ पाकिटांच्या वर नाही, माल दिल्याच्या चिठ्ठीवर (चलनावर) सही घेऊन. मागच्याचे पैसे आले की पुढचा माल, हा नियम सगळ्यांना सारखा ठेवा, ओळखीच्यालाही. वसुलीला जाताना 'जमलं तर बघा' म्हणू नका. 'मागच्या बारा पाकिटांचे १३४४ झाले, रोख देताय की मोबाइलवर?' एवढंच.

मोठ्या गिऱ्हाइकासाठी कायदाही माहीत असू द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, फुकट होते. पैसे मागणाऱ्या दलालांच्या साइट बऱ्याच आहेत, सांभाळा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ पासून मुदत उलटलेलं असं देणं माल घेणाऱ्याला खर्च म्हणून करात धरता येतं ते प्रत्यक्ष दिलं त्या वर्षीच, म्हणून मार्च जवळ आला की कंपन्या आपणहून फोन करतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मात्र कायदा दाखवू नका, त्याला पुढचा माल थांबवणं पुरतं.

जिरावण_इंदूर

हा कागद आजच करतो. मजुरी खरंच धरली नव्हती. पण नोकरी कधी सोडायची? दिवाळीआधी सोडून पूर्ण वेळ द्यावा असं वाटतंय.

हिशेबाची_वही

दिवाळीआधी अजिबात नाही.

सगळ्यात आधी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम. साडेचार वर्षं झालीत आणि कायम नोकरीत सलग ५ वर्षं पूर्ण लागतात. सूत्र: शेवटचा बेसिक (महागाई भत्ता असेल तर तोही) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. २६ हजारांवर पाच वर्षांचे ७५ हजार होतात. सहा महिन्यांच्या घाईसाठी एवढी रक्कम सोडणं हे धाडस नव्हे. दुसरं, आरोग्य विमा. नोकरी सुटली की कंपनीचा सामूहिक विमाही सुटतो. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी राजीनाम्याआधी घ्या. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसतं आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईंना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, लपवलं की दावा फेटाळला जातो.

आता भीतीबद्दल. भीती जात नाही, तिला रक्कम ठरवून द्यावी लागते. व्यवसायातल्या निर्णयांवर संशोधन करणाऱ्या सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजक कसे विचार करतात ते तपासलं. ती मंडळी 'यातून किती मिळेल' इथून सुरुवात न करता 'किती गेलं तर चालेल' इथून करतात, असं त्यांना दिसलं. तुमचं मांडू. ६ लाखांतून सहा महिन्यांचा घरखर्च, २ लाख ४ हजार, वेगळ्या मुदत ठेवीत. धंद्याला २ लाख, त्याहून एक रुपया नाही. उरलेल्या १ लाख ९६ हजारांना हात लावायचा नाही. ते २ लाखही एकदम नाही, ५०-५० हजारांचे चार हप्ते. पुढचा हप्ता उघडायची अट आजच लिहून ठेवा: मागच्या हप्त्यातून अमुक इतक्या अनोळखी गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा माल घेतला पाहिजे. आज लिहायचं कारण असं की पैसे अडकल्यावर प्रत्येकाला 'अजून थोडे घातले तर निघेल' असंच वाटतं.

नातेवाईक आणि सोसायटीतल्यांची विक्री वेगळ्या रकान्यात लिहा. ते भाजणी घेत नाहीत, तुम्हाला घेतात. आणि दिवाळीच्या आकड्यावर जागा भाड्याने घेऊ नका, मशीनही नको. चकलीची भाजणी दिवाळीनंतर झोपते. धंदा चालेल की नाही ते जानेवारी-फेब्रुवारीत थालिपिठाची भाजणी किती जाते त्यावर कळेल. नोकरी करत ही दिवाळी आणि ते दोन महिने बघा, तोवर पाच वर्षंही भरतील.

चालू खातं वेगळं काढा. सोडल्यावर स्वतःला पगार द्या, दर १ तारखेला, १० हजार का असेना. घरच्यांना जी पगाराची तारीख हवी आहे ती अशी मिळते. गल्ल्यातून भाजीला शंभर-शंभर काढत राहिलात तर घर आणि धंदा यांतलं कोण कुणाला पोसतंय तेच कळत नाही.

रामबाग_पाटपाणी

वरच्या मंडळींनी पैशाचं सांगितलं, पण यात राबणार कोण? आई आणि वहिनी. त्यांना विचारलंत का? दादा, ही भाजणी त्यांची आहे. दोघींशी बसून आठवड्याचे किती तास, कोणते दिवस, मोबदला किती हे लिहा. नाहीतर पहिली मोठी ऑर्डर आल्यावर रात्री बारापर्यंत कढईशी कोण उभं, यावरून घरात वाजतं आणि धंदा तिथेच बसतो.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची एक युक्ती इथे चांगली चालते. तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं: पुढच्या दिवाळीपर्यंत धंदा बंद पडला आहे, कशामुळे? धंदा बंद पडलाच आहे असं धरलं की जी शंका घरातली माणसं एरवी तोंडावर बोलत नाहीत ती कागदावर येते. मग प्रत्येक कारणापुढे ते आधी कशावरून ओळखू येईल तेवढं लिहा.

माझ्या मते त्या कागदांवर मालाची ही कारणं तरी असतीलच. भाजल्यावर धान्य पूर्ण गार न करता दळणं, किंवा दळलेलं गरम पीठ लगेच पिशवीत भरणं: आत वाफ धरते, गुठळ्या होतात, मग बुरशी. पीठ पसरून हाताला गार लागेपर्यंत थांबा आणि पावसाळ्यात जास्तच थांबा. दुसरं, गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात उरतं. थालिपिठाला चालेल, पण पुढे उपवासाची भाजणी काढलीत आणि त्यात गहू गेला तर एका चतुर्थीत नाव जातं. उपवासाची काढायची तर छोटी घरघंटी वेगळीच ठेवा. तिसरं, चव. घरी मुठीने माप चालतं, विकताना प्रत्येक घाणा ग्रॅममध्ये मोजा, भाजायची वेळ लिहा आणि प्रत्येक घाण्याचं एक पाकीट तारीख घालून बाजूला ठेवा. आठवड्याला एक फोडून वास घ्या. खवट वास कितव्या आठवड्यात आला त्यावरून पाकिटावर टिकण्याची मुदत छापा, अंदाजाने सहा महिने छापू नका. तुम्ही क्वालिटीतले आहात, हे मी सांगायला नको.

खाद्य नोंदणीचा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी फोन, हे लेबलवर पहिल्या पाकिटापासून हवं. 'ओळखीत विकतोय' म्हणून सुटका होत नाही.

सियागंज_गल्ली

ताईंनी घाण्याचं म्हटलं त्यावरून आठवलं. डाळींचे भाव हलतात. तो खर्चाचा कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्याने करा. ४५ चे ५३ झाले की दुकानातून उरणारे १५ चे ७ होतात, आणि बरोबरीला ४०० ऐवजी ८५० च्या वर पाकिटं लागतात. छापलेली लेबलं एकदम पाच हजार घेऊ नका, किमतीची जागा कोरी ठेवून शिक्का मारा.