पूर-इशाऱ्यांच्या मूल्यमापनाची आखणी आधीच कशी करावी?

प्रश्न : सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानला जातो. मात्र हे आकडे ऐकून नदीकाठची किती कुटुंबे प्रत्यक्षात हलतात, हे पावसाळ्यानंतर तपासायचे असल्यास आधी काय ठरवून ठेवावे?

उत्तर १ : पाठवलेल्या संदेशांची संख्या म्हणजे यश नव्हे. संदेश पोहोचला का, समजला का, त्यावर विश्वास बसला का आणि त्यानंतर कोणी काय केले, हे प्रश्न वेगळे ठेवावेत, कारण प्रत्येक टप्प्यावरचा उपाय निराळा असतो. इशारा निघाल्याची आणि गल्लीत तो ध्वनिक्षेपकावरून ऐकू आल्याची वेळ त्याच दिवशी नोंदवावी. आठवणीवर नंतर भरलेल्या वह्या फारशा कामाच्या नसतात.

उत्तर २ : सहमत आहे. शिवाय २०१९ च्या महापुरात अनेकांनी २००५ च्या पुराची पातळीच कमाल मानली होती. त्यामुळे ‘५० फूट’ म्हणजे आपल्या दारात पाणी कुठवर, हे लोकांना सांगता येते का, याची पाहणी मे महिन्यातच करावी. तुलनेला आधार राहील.

उत्तर ३ : जनावरांसाठी मागे राहिलेल्या माणसाला ‘संदेश समजला नाही’ या रकान्यात घालू नये. त्याला इशारा नेमका कळलेला असतो. गोठ्याची सोय कुठे, हे कोणी सांगितलेले नसते.