मदत हवी आहे: अण्वस्त्रकपातीत अमेरिकेची नियत कशी मोजायची?

पुढच्या आठवड्यात वादविवाद आहे. विषय, 'अण्वस्त्रकपातीबाबत अमेरिकेचं सरकार प्रामाणिक आहे'. मला विरोधात बोलायचंय. पण वाचत गेले तशी माझीच खात्री डळमळीत झाली, आणि न पटलेलं बोलायची माझी तयारी नाही.

१९६७ मध्ये त्यांच्याकडे ३१,२५५ अण्वस्त्रं होती, सप्टेंबर २०२३ मध्ये ३,७४८. ही कपात खरीच म्हणायची.

मग २०१० चा रशियासोबतचा 'न्यू स्टार्ट' करार उघडला. तैनात अण्वस्त्रांवर १,५५० ची मर्यादा होती. पण मोजणी कशी, तर अवजड बॉम्बर विमानात कितीही अण्वस्त्रं मावोत, धरायचं एकच! कोठारातली तर मोजणीतच नव्हती. इथे मला मुद्दा सापडला असं वाटलं. पण त्याच करारात वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्यांची तरतूद होती. समोरच्या देशाचे निरीक्षक थेट आपल्या तळावर येणार. फसवायचंच असतं तर हे कशाला मान्य केलं असतं?

चाचणीबंदी कराराचंही तसंच. १९९६ मध्ये अध्यक्षांनी सही केली, १९९९ मध्ये सिनेटने, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, तो फेटाळला, तरी १९९२ नंतर एकही स्फोटचाचणी नाही. मग सरकार म्हणजे नेमकं कोण धरायचं?

अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमात सद्भावनेने वाटाघाटी करायचं बंधन आहे. ही सद्भावना तुम्ही कशावरून ठरवाल? घटलेल्या संख्येवरून, की जुन्या अस्त्रांच्या आधुनिकीकरणावर चाललेल्या खर्चावरून? ज्यांनी यावर अभ्यास केलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.